कोंबडीला काहीच होत नाही

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात जीबीएसचे रुग्ण वाढले, तेव्हा काहींच्या शौचाच्या नमुन्यांत ‘कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय’ हा जिवाणू सापडला. तेथे संशय पाण्यावर होता. पण जगभर या जिवाणूचे मोठे बिऱ्हाड असते ते कोंबडीच्या आतड्यात. तिच्या शरीराचे तापमान सुमारे ४२ अंश सेल्सिअस, आणि नेमक्या त्याच उबेत तो उत्तम वाढतो. कोंबडी मात्र दाणे टिपते, वजन धरते. तिला काहीच होत नाही.

माणसाला होते. ताप, पोटात मुरडा, जुलाब. बहुतेक जण औषधाविना बरे होतात. दुखणे बळावले तर प्रतिजैविक लागते. ते लागू पडेल की नाही, याचा निर्णय कधीकधी खुराड्यातच झालेला असतो.

अमेरिकेत १९९५ पासून कोंबड्यांसाठी फ्लुरोक्विनोलोन गटातील औषधांना परवानगी मिळाली. माणसांचे सिप्रोफ्लॉक्सासिन याच गटातले. हजारो पक्ष्यांतून आजारी तेवढे वेगळे काढणे शक्य नसते, म्हणून औषध पाण्यातून सगळ्यांनाच दिले जाई. रोख होता ई. कोलायच्या आजारावर; पण मात्रा आतड्यातल्या कॅम्पिलोबॅक्टरलाही पोचे. हे औषध जिवाणूच्या डीएनएचा पीळ सांभाळणाऱ्या गायरेज या विकराला जखडते. कॅम्पिलोबॅक्टरमध्ये त्या विकरातले एकच अमिनो आम्ल बदलले, तरी ही पकड सुटते. साधे जिवाणू मरतात, बदललेले उरतात आणि मोकळ्या जागेत पसरतात.

तेथील औषध प्रशासनाने २००० मध्ये परवानगी काढून घेण्याचे ठरवले. एका उत्पादकाने हरकत घेतली, आणि बंदी प्रत्यक्षात आली सप्टेंबर २००५ मध्ये. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आढळले, की औषध अजिबात नसतानाही कोंबडीच्या आतड्यात काही प्रतिरोधी जिवाणू साध्यांवर मात करतात. म्हणजे औषध थांबले, तरी प्रतिरोध आपोआप ओसरेल असे नाही. ऑस्ट्रेलियाने खाद्यप्राण्यांत ही औषधे येऊच दिली नाहीत. तेथे हा प्रतिरोध दीर्घकाळ कमी राहिला.

भारताने जुलै २०१९ मध्ये खाद्यप्राण्यांसाठी कोलिस्टिनवर बंदी घातली, ती योग्यच. स्वयंपाकघरात पूर्ण शिजवलेल्या रश्श्यात प्रतिरोधी जिवाणूही मरतो. धोका असतो त्याच सुरीने चिरलेल्या कोशिंबिरीत. पण खरी दक्षता त्याआधीची आहे. आजारी कोंबडी निदान ओळखता येते. निरोगी कोंबडी काय वाहते आहे, हे मुद्दाम तपासल्याशिवाय कळत नाही.