सर्द हवा आणि ठिसूळ धातू

श्रावणात भोर-वेल्ह्याकडे उघडा राहिलेला पापड बघता बघता मऊ पडतो, हे तुम्ही पाहिले असेल. हवेतील बाष्पाचाच हा प्रताप. पण हेच बाष्प काही मिश्रधातूंना उलट ठिसूळ करते! टायटॅनियम ॲल्युमिनाइड हा त्यांपैकी एक. निकेलच्या मिश्रधातूंच्या मानाने तो जवळजवळ निम्म्या घनतेचा. म्हणून बोइंग ७८७ विमानाच्या जीईएनएक्स एंजिनात त्याची पाती बसवतात.

साध्या तापमानाला त्याची पट्टी ताणली, की सूक्ष्म चीर पडते. चिरेच्या टोकाशी उघडे पडलेले ॲल्युमिनियम बाष्पातील ऑक्सिजन हिसकावून घेते. उरतो अणुरूप हायड्रोजन. रेणू बनण्यापूर्वीच तो धातूत शिरतो आणि तेथील अणूंची पकड सैल करतो. चीर सरकते, ताजा पृष्ठभाग उघडतो, पुन्हा तेच! म्हणून निर्वातापेक्षा हवेत पट्टी लवकर तुटते.

लोहाच्या ॲल्युमिनाइडमध्ये हे फारच ठळक दिसते. १९८९ साली अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेने दाखवले, की ते हवेत जेमतेम २ टक्के लांबते, कोरड्या ऑक्सिजनमध्ये मात्र १७ टक्क्यांहून अधिक. तेथेही ऑक्साइड बनतेच. पण हायड्रोजन सुटत नाही.

आणि पट्टी झटकन ओढली तर? बाष्पाला पुरेसा वेळच मिळत नाही. ती तुटण्यापूर्वी अधिक लांबते.