छाटलेली फटफटी

फार पुढें गेलेलें अरुंद चाक, वर उंचावलेलें हँडल आणि आरामखुर्चींत रेलल्याप्रमाणें पाय पुढें सोडून बसलेला स्वार, अशी मोटारसायकल आपण निदान चित्रपटांत तरी पाहिली असेल. तिला 'चॉपर' म्हणतात. घरांतील तरुण मंडळींना तिची भुरळ पडते आणि वडीलधाऱ्यांना धडकी भरते. पण दोघांच्याहि मनांत येणारा प्रश्न एकच असतो : अशी गाडी सरळ चालते तरी कशी? आज मुख्यतः त्याविषयींच बोलावयाचें आहे.

'चॉप' म्हणजे तोडणें, छाटणें. हें नांव कोणा कारखान्यानें दिलेलें नव्हे. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेंत, विशेषतः कॅलिफोर्निया प्रांतांत, जुन्या मोटारसायकली स्वस्तांत मिळूं लागल्या. हार्ले-डेव्हिडसन कंपनीची गाडी भक्कम खरी, पण वजनानें म्हैस! तेव्हां हौशी लोकांनीं मडगार्डें कापलीं, मोठे दिवे व अवजड बैठका काढून टाकल्या आणि गाडी हलकी केली. येथपर्यंत सारें सरळ होतें. जें नको तें काढून टाकावें, एवढाच हिशेब. पुढें वेगापेक्षां रूपाचा मोह वाढला आणि करवत गाडीच्या मानेपर्यंत पोंचली.

मान म्हणजे सांगाड्याची ती पुढची नळी, जिच्यांतून हँडलाचा दांडा जातो व ज्याच्याबरोबर पुढचा चिमटा फिरतो. ही मान उभी नसून मागें कललेली असते. चहाच्या चाकांच्या टेबलाकडे पाहा. त्याचें चाक ज्या खिळ्यावर फिरतें, त्याच्या थोडें मागें तें जमिनीला टेकतें. म्हणून टेबल ढकलतांच चाक निमूटपणें खिळ्यामागून चालूं लागतें. मोटारसायकलींतहि तेंच आहे. मानेची कललेली रेषा जमिनीपर्यंत वाढविली, तर ती चाक टेकतें त्या जागेच्या पुढें पडते. या दोन बिंदूंमधील अंतरास आपण 'माग' म्हणूं. हा माग आहे म्हणूनच रस्त्यानें ढकललेलें चाक आपोआप सरळ होऊं पाहतें.

आतां थोडें गणित. चाकाची त्रिज्या १३ इंच, मानेचा कल उभ्या रेषेपासून ३० अंश आणि चाकाचा आंस त्या कललेल्या रेषेच्या अडीच इंच पुढें असला, तर माग सुमारें साडेचार इंच येतो. बाकी सर्व तसेंच ठेवून कल ४५ अंश केला कीं तोच माग साडेनऊ इंचांवर जातो. लांब सरळ हमरस्त्यावर अशी गाडी रुळावरून चालल्याप्रमाणें जाते. पण वेग कमी करून गल्लींत वळवूं लागा, म्हणजे हँडल जड लागतें आणि पुढचें चाक एका बाजूस लोळण घेऊं पाहतें. यावर उपाय म्हणून चिमटा धरणाऱ्या पट्ट्याच तिरप्या करतात, त्यानें माग घटतो. मात्र अति घटविला तर वेगांत हँडल थरथरूं लागतें, आणि हा दोष पहिल्यापेक्षां अधिक घातक होय.

नुसता लांब चिमटा बसवून भागत नाहीं. गाडीचें तोंड आभाळाकडे जातें आणि इंजिन मागें झुकतें. म्हणून चांगला कारागीर सांगाडा सांच्यांत घट्ट आवळतो, मान कापून नव्या कोनांत बसवितो, सांध्यावर पोलादी पत्र्याचे आधार वेल्डिंग करतो, आणि दोन्ही चाकें एका रेषेंत आहेत कीं नाहींत हें दोरी व ओळंबा लावून पाहतो. रंग चढला कीं हा सांधा कोणास दिसत नाहीं. स्वाराचा जीव मात्र त्यावरच असतो. पुष्कळ चॉपरांना मागें स्प्रिंगा नसतात व पुढें ब्रेकहि नसतो. पहिल्या उणिवेनें पाठ दुखते, तेवढें सोसतां येईल. पण गाडी थांबविण्याचें बरेंचसें काम पुढचाच ब्रेक करतो, तेव्हां तो शोभेखातर काढून टाकणें मला तरी शुद्ध वेडेपणा वाटतो. शिवाय आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम आहे. मूळ कारखान्याच्या नमुन्याशीं नोंद जुळेनाशी होईल असे फेरफार मालकास करतां येत नाहींत.

जगास चॉपर माहीत करून दिली ती १९६९ सालच्या 'ईझी रायडर' या चित्रपटानें. त्यांतील पीटर फोंडाची अमेरिकी निशाणाच्या रंगांची गाडी व डेनिस हॉपरची गाडी, दोन्ही पोलीस खात्यानें काढून टाकलेल्या जुन्या हार्ले गाड्यांतून बनविलेल्या. त्या घडविण्यांत मुख्य हात होता क्लिफर्ड व्हॉज आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय अमेरिकनांचा. हार्डी लॉस एंजेलिसमधला कसबी कारागीर. व्हॉज नागरी हक्कांच्या चळवळींत वावरलेला. चित्रपटाच्या नामावलींत दोघांचेंहि नांव नाहीं. पडद्यावर गाडी झळकली, तिच्या मानेंतला सांधा ज्यांनीं जुळविला ते मात्र कित्येक वर्षें थोड्या जाणकारांनाच ठाऊक राहिले. हार्डी १९९४ सालीं वारला, व्हॉज २०१६ सालीं.

चित्रपटासाठीं एकूण चार गाड्या बांधल्या होत्या. एक शेवटच्या प्रसंगांत पेटविली गेली. उरलेल्या तीन चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वींच चोरीस गेल्या, आणि बहुधा सुटे भाग करून विकल्या गेल्या. आपण काय पळविलें हें त्या चोरांनाहि तेव्हां ठाऊक नसावें.