बोटांची ओळख

या वेळचा विषय पैशांचा आहे आणि तब्येतीचाही.

माझे वडील गेली चार वर्षे कॅलिफोर्नियात आमच्याकडे राहतात. आपली बिले ते स्वतः फोनवरून भरतात. गेल्या वर्षी बँकेचे ॲप त्यांना मध्येच अडवून पुन्हा पासवर्ड विचारू लागले. "बाबा, तुम्ही काहीतरी चुकीचं दाबताय," मी वैतागून म्हणालो. "अरे, मी बरोबरच टाकतोय," ते म्हणाले. बाबांचेच खरे होते. बँकेत चौकशी केल्यावर कळले, की त्यांचे ॲप टायपिंगची लयही तपासते.

पासवर्ड किंवा अंगठा म्हणजे दारावरचे कुलूप. उघडा फोनच कोणी हिसकावला, तर त्या कुलपाचा काय उपयोग? म्हणून काही बँकांची ॲप्स पुढेही पहारा ठेवतात. अक्षर किती वेळ दाबले, पुढच्या अक्षरावर बोट किती वेळात गेले, फोन हातात किती कलला, यांवरून आपली ठेवण ठरते. ती जुळली नाही, की पुन्हा ओळख मागितली जाते. जिन्यातल्या पावलांवरून आपण घरचे माणूस ओळखतो, तसेच हे. पूर्वी तारमास्तर 'कट्ट कडकट्ट'च्या लयीवरून एकमेकांना ओळखत. १९८० साली अमेरिकेतील रँड संस्थेने टंकलेखकांवर असा प्रयोग केला होता.

मात्र ही लय वयाने, दुखण्याने बदलते. बाबांची बोटे मंदावली होती, हात थरथरत होता. एका घरात राहून मला ते दिसले नव्हते. डॉक्टरांनी कंपवाताची सुरुवात असल्याचे सांगितले. कंपवाताच्या सुरुवातीला कळ दाबून ठेवण्याच्या वेळेत फरक पडतो, हे एमआयटीच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवले आहे. अर्थात ॲप म्हणजे डॉक्टर नव्हे. अंगठा दुखावला तरी लय बिघडते.

तेव्हा तीन गोष्टी कराव्यात. वडीलधाऱ्यांना ॲप वारंवार अडवू लागले तर रागावू नये, आधी त्यांचे हात पाहावेत. त्यांच्या फोनवर आपण टाइप करू नये, दोघांची लय मिसळते. आणि त्यांची संमती असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नीचे कागद वेळीच करावेत. कॅलिफोर्नियाच्या २०१८ च्या ग्राहक गोपनीयता कायद्यात टायपिंगची लय बायोमेट्रिक माहितीत मोडते, हेही लक्षात असू द्यावे. पासवर्ड बदलता येतो, बोटे बदलता येत नाहीत.

बाबांची औषधे चालू आहेत. बिले अजून तेच भरतात. मी शेजारी बसतो, घाई करत नाही.