जालन्यातील पोलाद-कारखान्याची खरेदी : चतुर्विध विश्लेषणाचा एक उपयोग

व्यवस्थापनशास्त्रात ‘स्वॉट’ या नावाने रूढ झालेली विश्लेषणपद्धती पदव्युत्तर वर्गातील विद्यार्थ्यांस नवी नाही. संस्थेची बलस्थाने व उणिवा आणि बाह्य परिस्थितीतील संधी व धोके यांची चार रकान्यांत मांडणी करावयाची व तीवरून धोरण ठरवावयाचे, एवढेच तिचे स्वरूप आहे. १९६० नंतरच्या दशकात स्टॅनफर्ड संशोधन संस्था आणि हार्वर्ड येथील व्यवसाय-धोरणाचे अध्यापक यांच्या कार्यातून तिचा उगम झाला, असे सामान्यतः मानतात. तिची सुलभता हेच पुढे तिचे वैगुण्य ठरले. १९९७ मध्ये हिल व वेस्टब्रुक यांनी वीस कंपन्यांतील तिच्या वापराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लांबलचक याद्या पुष्कळ आढळल्या, परंतु त्यांचा पुढील धोरणनिश्चितीत उपयोग मात्र कोणी केलेला नव्हता. ही पद्धत एका विशिष्ट खात्याला व एका विशिष्ट मालाला लावली असता ती कितपत कामास येते, हे जालन्याच्या पोलाद-उद्योगाच्या उदाहरणाने प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

जालना हा १९८१ मध्ये जुन्या औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याच्या मुख्य शहराच्या औद्योगिक वसाहतीत बांधकामाच्या सळया तयार करणारे अनेक कारखाने आहेत. येथे लोहखनिज नाही, कोळसा नाही आणि बंदर सुमारे चारशे किलोमीटर दूर आहे. कारखान्यात येते ते भंगार व स्पंज आयर्न. ते विजेच्या प्रवर्तन-भट्टीत वितळवून त्याचे बिलेट ओततात व त्यांपासून सळया लाटतात. खर्चाचा फार मोठा भाग कच्चा माल व वीज या दोहोंतच जातो. म्हणून अशा कारखान्याचे खरेदी-धोरण म्हणजे बहुतांशी त्याचे व्यवसाय-धोरणच होय.

या कारखान्याची पहिली उणीव व्यापारी नाही, रासायनिक आहे. प्रवर्तन-भट्टीचे अस्तर सामान्यतः सिलिकायुक्त, म्हणजे आम्लधर्मी असते. त्यामुळे फॉस्फरस बाहेर काढण्यास लागणारी चुनखडीयुक्त मळी तीत वापरता येत नाही. जो फॉस्फरस भट्टीत गेला तो जवळजवळ सर्व सळीत उतरतो व सळी ठिसूळ होते. भारतीय मानक १७८६ अन्वये ‘एफई ५००’ प्रतीच्या सळीत फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०५५ टक्के, तर ‘एफई ५०० डी’ या अधिक लवचीक प्रतीत ०.०४० टक्के आहे. समजा, स्पंज आयर्नमध्ये ०.०६ टक्के फॉस्फरस आहे आणि शंभर टनांतून ब्याऐंशी टन द्रवधातू मिळतो; धातू घटला, फॉस्फरस मात्र तेवढाच राहिला, असे धरल्यास त्याचे प्रमाण ०.०७३ टक्क्यांवर जाते. असा माल चांगल्या भंगारात मिसळून सौम्य करावा लागतो. तात्पर्य, मोठ्या एकात्मिक कारखान्यात शुद्धीकरणाचे जे काम भट्टी करते, ते येथे खरेदी-अधिकाऱ्यास दरपत्रकावर सही करण्यापूर्वी करावे लागते.

हे ध्यानी घेतले म्हणजे चार रकाने संपूर्ण कंपनीसाठी एकदाच भरण्याची प्रथा किती निरुपयोगी आहे, ते कळून येईल. प्रत्येक मालासाठी तक्ता वेगळा हवा. फॉस्फरसच्या दृष्टीने शंकास्पद असलेले तेच स्पंज आयर्न तांबे व कथील यांच्या दृष्टीने स्वच्छ असते. जुन्या यंत्रांच्या व मोटारींच्या भंगारातून येणाऱ्या या धातूंचे प्रमाण ते खाली आणते. तेव्हा एकच वस्तू एका तक्त्यात धोका आणि दुसऱ्यात संधी म्हणून लिहावी लागते.

दराचा मोह येथे विशेष तपासून घ्यावा. उदाहरणादाखल, भंगार टनास ३५,००० रुपये व त्यातून ९३ टक्के धातू, आणि स्पंज आयर्न टनास ३०,००० रुपये व त्यातून ८२ टक्के धातू, असे धरू. खरेदीत टनामागे पाच हजारांची बचत दिसते. द्रवधातूच्या टनावर हिशेब केला तर अनुक्रमे ३७,६३४ व ३६,५८५ रुपये पडतात, म्हणजे बचत १,०४९ रुपयांवर येते. स्पंज आयर्न वितळविण्यास टनामागे दीडशे युनिट वीज अधिक लागली व युनिटचा दर आठ रुपये असला, तर १,२०० रुपये त्यातच गेले. स्पंज आयर्नमधील लोह-ऑक्साइड सिलिकाचे अस्तर खाऊन टाकते, तो खर्च निराळाच. हे आकडे मानीव आहेत. पण ज्या कारखान्यात खरेदी-खाते व भट्टी-खाते यांची बक्षिसे वेगवेगळ्या आकड्यांवर ठरतात, तेथे ‘स्वस्त खरेदी’ हे बलस्थान म्हणून निःशंकपणे लिहिले जाते.

बाह्य परिस्थितीकडे वळल्यास धोके अधिक ठळक दिसतात. आयात भंगारावरील अडीच टक्के सीमाशुल्क फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पाने माफ केले. परंतु अशी माफी मुदतीची असते व मुदतवाढीवर दीर्घकालीन करार उभारता येत नाही. युरोपीय संघाने २०२४ मध्ये कचरा-वाहतुकीचा नवा नियम केला. ओईसीडीबाहेरील ज्या देशांना त्या संघाची मान्यता नसेल, त्यांना भंगाराची निर्यात २१ मे २०२७ पासून बंद होईल, अशी त्यात तरतूद आहे. भारत त्या संघटनेचा सदस्य नाही. याउलट, २०२१ मध्ये जाहीर झालेल्या वाहन-मोडणी धोरणामुळे देशी भंगार वाढावे, अशी अपेक्षा आहे. तथापि अपेक्षेला संधी म्हणण्याची घाई करू नये. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग डिसेंबर २०२२ मध्ये आणि संपूर्ण ७०१ किलोमीटरचा मार्ग जून २०२५ मध्ये खुला झाला. जालन्याच्या शुष्क बंदराची पायाभरणी डिसेंबर २०१५ मध्ये झाली होती. या दोहोंचा उल्लेख संधीच्या रकान्यात हमखास आढळतो. माझ्या मते भाड्याच्या बिलात टनामागे किती रुपये कमी झाले, हा आकडा शेजारी लिहिता येत नसेल, तर ती नोंद खोडून टाकावी.

रकाने भरले म्हणजे धोरण झाले, असे नव्हे. १९८२ मध्ये वाइरिश यांनी सुचविल्याप्रमाणे आतील प्रत्येक बाब बाहेरील बाबींशी भिडवून पाहावी लागते. भट्टी शुद्धीकरण करू शकत नाही ही उणीव आणि आयात भंगार आटण्याचा धोका यांची जोडी लावताच तीन निर्णय पुढे येतात. माल वजनावर न घेता रासायनिक पृथक्करणाशी दर बांधून घ्यावा. स्पंज आयर्नच्या पुरवठादारांशी फॉस्फरसची कमाल मर्यादा लिहिलेले करार करावेत. आणि आसपासच्या लहान भंगारवाल्यांना लवकर पैसे द्यावेत, कारण परदेशी मालात पतपत्र व समुद्रप्रवास यांत गुंतणाऱ्या भांडवलाच्या मानाने तत्काळ रोख देण्याचा भार पुष्कळदा हलका पडतो.

एक बाब मात्र या जमाखर्चात बसवू नये. भंगारातील बंद नळकांडे किंवा पावसाळ्यात ओला झालेला माल वितळलेल्या धातूत पडल्यास स्फोट होतो, आणि भट्टीजवळ माणसे उभी असतात. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारात कोबाल्ट-६० निघाले व त्याच्या किरणोत्सर्गाने एकाचा बळी गेला. तेही उपकरण भंगार म्हणूनच विकले गेले होते. म्हणून छाननी, किरणोत्सर्ग-मापन आणि छपराखालील साठा यांचा खर्च दराच्या वाटाघाटीत येऊ देता कामा नये.

हा तक्ता कायमचा नसतो. कारखान्याने उद्या लॅडल-भट्टी बसविली तर गंधकावर ताबा येईल आणि गंधकाची नोंद उणिवेच्या रकान्यातून काढता येईल. फॉस्फरसची नोंद मात्र तेथेच राहील, कारण त्या भट्टीतील क्षपणकारी मळी तो काढू शकत नाही. म्हणजे स्पंज आयर्नच्या करारातील मर्यादा जशीच्या तशी ठेवून भंगाराच्या करारातील गंधकाची अट तेवढी सैल करावी लागेल.