बटण दिसतंय, पण मॅक्रो राहतो कुठे?

आजचा भाग लोकलच्या गर्दीत अर्धाच ऐकू आला असेल, किंवा पायऱ्या लक्षात ठेवायच्या असतील, तर हा लिखित मजकूर तुमच्यासाठी. बोलताना मेनूंची नावं भरभर येतात, म्हणून इथे जरा सावकाश लिहितोय. नावं वर्डमध्ये इंग्रजीतच दिसतील, मी ती आपल्या लिपीत देतो.

सुरुवात एका प्रश्नाने. "दादा, लॅपटॉप फॉरमॅट केला. वर्डमधली माझी बटणं आधी एक्स्पोर्ट केली होती, ती परत आणली. दिसतात सगळी, पण दाबली की मॅक्रो सापडत नाही असा मेसेज येतो. असं कसं?"

हा प्रश्न एकट्याचा नाही. आणि याचं उत्तर कळलं की वर्डमधल्या मॅक्रोचं जवळपास सगळं गणित कळतं. उत्तर एवढंच: बटण म्हणजे मॅक्रो नव्हे. बटण ही दारावरची बेल आहे. आतला माणूस घर सोडून गेला असेल तर बेल कितीही वाजवा, दार उघडणार नाही. वर्डमध्ये बेल एका फाइलमध्ये राहते आणि माणूस दुसऱ्या. एक्स्पोर्ट केली ती फक्त बेल.

आधी मॅक्रो म्हणजे काय ते बघू

आपण तेच तेच काम पुन्हा पुन्हा करतो, त्याची नोंद करून ठेवायची आणि एका हुकमावर ते सगळं करून घ्यायचं, याला मॅक्रो म्हणतात. वर्ड ही नोंद व्हीबीए नावाच्या भाषेत ठेवतं. वर्ड ९७ पासून हीच भाषा आहे. ती यायलाच हवी असं नाही, कारण वर्ड तुमच्या हालचाली बघून कोड स्वतः लिहू शकतं.

उदाहरण घेऊ. गणेशोत्सव मंडळाची स्मरणिका तुमच्या गळ्यात पडलीय. लोकांनी लेख व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेत. ते वर्डमध्ये पेस्ट केले की काय दिसतं? दोन शब्दांत दोन-दोन स्पेस, परिच्छेदांमध्ये रिकाम्या ओळी, आणि अंक निम्मे मराठी, निम्मे इंग्रजी. एक लेख साफ करायला दहा मिनिटं धरा, लेख तीस. म्हणजे पाच तास नुसती झाडलोट!

ही झाडलोट रेकॉर्ड करू. व्ह्यू टॅबवर जा, मॅक्रोज, मग रेकॉर्ड मॅक्रो. एक चौकट उघडेल. त्यात नाव द्या. नाव रोमन अक्षरांत, अक्षरानेच सुरू होणारं, मध्ये स्पेस नको. 'मॅक्रो१' असलं आपोआप आलेलं नाव ठेवू नका. चार महिन्यांनी ते काय करतं हे तुम्हालाच आठवणार नाही. खाली डिस्क्रिप्शनची जागा आहे, तिथे एक ओळ लिहून ठेवा.

आता ओके दाबलं की वर्ड तुमच्यावर नजर ठेवतं. कंट्रोल एच दाबून फाइंड-रिप्लेस उघडा. शोधायच्या जागी दोन स्पेस, बदलायच्या जागी एक स्पेस, रिप्लेस ऑल. मग शोधायच्या जागी कॅरेट चिन्ह (कीबोर्डवर ६ च्या वरचं टोपीसारखं) आणि लहान पी, हे दोनदा. बदलायच्या जागी तेच एकदा. रिप्लेस ऑल. रिकाम्या ओळी गेल्या. पुन्हा व्ह्यू, मॅक्रोज, स्टॉप रेकॉर्डिंग. झालं.

एक गोष्ट ध्यानात ठेवा. रेकॉर्डिंग चालू असताना माउसने मेनू दाबता येतात, पण मजकूर सिलेक्ट करता येत नाही. त्यासाठी शिफ्ट आणि बाणांच्या कीज वापरा.

खरा प्रश्न: हा मॅक्रो ठेवला कुठे?

त्या चौकटीत 'स्टोअर मॅक्रो इन' अशी एक ओळ होती. बहुतेक जण तिच्याकडे बघतही नाहीत. सगळी गोम तिथेच आहे.

तिथे मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला, ऑल डॉक्युमेंट्स. हा निवडला की मॅक्रो 'नॉर्मल डॉट डीओटीएम' नावाच्या फाइलमध्ये जातो. ही वर्डची घरची टेम्पलेट फाइल. वर्ड उघडलं की ती उघडते, म्हणून तिच्यातला मॅक्रो कुठल्याही डॉक्युमेंटमध्ये चालतो. पण फक्त तुमच्या कॉम्प्युटरवर.

दुसरा पर्याय म्हणजे समोर उघडलेलं डॉक्युमेंट. मग मॅक्रो त्या फाइलसोबत फिरतो. पण इथे एक पाचर आहे. आपली नेहमीची 'डॉट डीओसीएक्स' फाइल मॅक्रो पोटात ठेवूच शकत नाही. ऑफिस २००७ पासून हे दोन प्रकार मुद्दाम वेगळे केलेत. मॅक्रोसकट सेव्ह करायचं तर 'डॉट डीओसीएम' प्रकार निवडावा लागतो. वर्ड तशी सूचना देतं. आपण ती न वाचता येस म्हणतो आणि मॅक्रो जातो.

आता बेल बसवू

फाइल, ऑप्शन्स, क्विक अ‍ॅक्सेस टूलबार. डावीकडे वरच्या यादीत 'मॅक्रोज' निवडा. तुमचा मॅक्रो दिसेल. अ‍ॅड दाबा. मग मॉडिफाय दाबून चित्र बदला आणि दाखवायचं नाव द्या. हे नाव देवनागरीत दिलंत तरी चालतं, उदाहरणार्थ 'झाडलोट'. ओके. वर पट्टीवर बटण आलं.

ऑल्ट दाबलं की या पट्टीवरच्या बटणांवर आकडे दिसतात. पहिल्या नऊ बटणांना १ ते ९. म्हणजे झाडलोट पहिल्या जागी ठेवली तर ऑल्ट आणि १ दाबून काम होतं. माउसला हात लावायची गरज नाही.

याच खिडकीत उजवीकडे वर आणखी एक यादी आहे: बटण सगळ्या डॉक्युमेंटसाठी हवं की फक्त या फाइलसाठी? मॅक्रो फाइलमध्ये ठेवला असेल तर बटणही त्याच फाइलसाठी ठेवा. नाहीतर दुसरी फाइल उघडल्यावर बटण दिसेल आणि चालणार नाही.

आणि बटण मॅक्रोला नावाने ओळखतं. नंतर हौसेने मॅक्रोचं नाव बदललंत, तर बटण जुन्याच नावाने हाका मारत बसतं. अशा वेळी जुनं बटण काढा आणि नवं बसवा. त्याला दुसरा इलाज नाही.

फॉरमॅट करण्याआधी काय जपायचं?

आता आपल्या श्रोत्याकडे येऊ. ऑप्शन्समध्ये इम्पोर्ट-एक्स्पोर्ट आहे. त्यातून रिबन आणि क्विक अ‍ॅक्सेस टूलबारमधले बदल एका फाइलमध्ये मिळतात. त्या फाइलमध्ये मॅक्रो नसतात. कीबोर्डवर लावलेले शॉर्टकटसुद्धा नसतात. हे दोन्ही टेम्पलेटमध्ये, म्हणजे साधारणपणे नॉर्मलमध्ये असतात. श्रोत्याने बेल नेली, घर फॉरमॅट झालं.

म्हणून तीन गोष्टी जपा.

एक, नॉर्मल फाइल. विंडोजमध्ये विंडोज की आणि आर दाबा. चौकटीत टक्क्याचं चिन्ह, मग अ‍ॅपडेटा, पुन्हा टक्क्याचं चिन्ह, असं रोमनमध्ये सलग टाकून एंटर करा. पुढे मायक्रोसॉफ्ट, मग टेम्पलेट्स. तिथे ती फाइल आहे. वर्ड बंद करून कॉपी करा.

दोन, बटणांची एक्स्पोर्ट केलेली फाइल.

तीन, मॅक्रोंचा कोड साध्या मजकुरात. ऑल्ट आणि एफ-११ दाबून एडिटर उघडा. डावीकडे नॉर्मलखाली मॉड्यूल्समध्ये 'न्यू मॅक्रोज' दिसेल. रेकॉर्ड केलेलं सगळं तिथेच साठतं. त्यावर राइट क्लिक, एक्स्पोर्ट फाइल. 'डॉट बीएएस' फाइल मिळेल. ती नोटपॅडमध्येही उघडते. नव्या कॉम्प्युटरवर याच एडिटरमधून इम्पोर्ट करा.

हे कधी उपयोगी पडतं? वर्ड बिघडलं की कुणीतरी सांगतं, "नॉर्मल फाइल डिलीट कर, नीट होईल." बरेचदा होतंही, कारण वर्ड नवी कोरी नॉर्मल तयार करतं. पण त्या जुन्या फाइलसोबत तुमचे सगळे मॅक्रो जातात. डिलीट करू नका. नाव बदलून बाजूला ठेवा. वर्ड सुरू झालं की ऑल्ट एफ-८, मग ऑर्गनायझर उघडून जुन्या फाइलमधली मॉड्यूल्स नवीत कॉपी करा. ऑर्गनायझर एकेक मॅक्रो उचलत नाही, पूर्ण मॉड्यूल उचलतो, आणि दोन्हीकडे एकाच नावाचं मॉड्यूल असेल तर अडतो. आधी नाव बदला, मग कॉपी करा.

मराठीवाल्यांसाठी खास अडचण

स्मरणिकेतले इंग्रजी अंक मराठी करायचे आहेत. कुणीतरी कोड लिहून देतं, तुम्ही त्यात ० ते ९ देवनागरीत पेस्ट करता, आणि एडिटरमध्ये नुसती प्रश्नचिन्हं! कॉम्प्युटर बिघडलेला नाही. तो एडिटर जुन्या वळणाचा आहे, त्याला देवनागरी अक्षरं पेलत नाहीत. वर्डला पेलतात, त्याच्या एडिटरला नाही.

वाट अशी की अक्षराऐवजी त्याचा युनिकोड क्रमांक द्यायचा. त्यासाठी 'सीएचआरडब्ल्यू' नावाचं फंक्शन आहे. देवनागरी शून्याचा क्रमांक २४०६, आणि पुढे ओळीने नऊचा २४१५. म्हणजे शून्य ते नऊ अशी दहा फेऱ्यांची लूप लावायची. प्रत्येक फेरीत इंग्रजी अंक शोधायचा आणि २४०६ अधिक तो अंक, या क्रमांकाचं अक्षर जागी घालायचं. कोडमध्ये आकडे अर्थातच इंग्रजी लिहायचे.

पण बटण दाबण्याआधी थांबा. हा मॅक्रो ईमेलचा पत्ता, वेबसाइट, बँकेचा आयएफएससी कोड यातलेही अंक बदलेल. देणगीच्या पानावर हे झालं तर लोक पैसे पाठवणार कुठे? म्हणून आधी फाइलची कॉपी करा. मॅक्रो एका दाबात दहा कामं करतो, पण कंट्रोल झेड साधारणपणे ती एकेक करूनच मागे घेतं.

कुलूप कशासाठी?

इतकं सगळं सोयीचं आहे, तर वर्ड मॅक्रोंना सारखं अडवतं का? कारण मॅक्रो तुमच्या कॉम्प्युटरवर तुमच्या नावाने काम करतो. डॉक्युमेंट उघडताक्षणी आपोआप चालणारे मॅक्रोही लिहिता येतात. १९९५ मध्ये 'कन्सेप्ट' नावाचा व्हायरस वर्डच्या फाइलींमधून पसरला. मार्च १९९९ मध्ये 'मेलिसा' आला. वर्डची फाइल उघडली की तो आउटलुकच्या पत्त्यांमधल्या पहिल्या ५० जणांना स्वतःच मेल पाठवायचा. मेल ओळखीच्या माणसाकडून आलेला दिसायचा, म्हणून लोक उघडायचे. मेलिसा नॉर्मल फाइलमध्येही शिरायचा. तुमच्या मॅक्रोचं घर तेच, त्याचंही तेच.

२०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने इंटरनेटवरून आलेल्या फाइलींमधले मॅक्रो मुळातच बंद ठेवायला सुरुवात केली. पिवळ्या पट्टीवर एनेबल कंटेंट दाबून मोकळं होता यायचं, तिथे आता लाल पट्टी येते. फाइल खरंच भरवशाची असेल तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन अनब्लॉक करता येतं. "फाँट कन्व्हर्टरचा मॅक्रो आहे, बिनधास्त चालव" म्हणून ग्रुपवर फिरत आलेली फाइल भरवशाची नव्हे. आधी ऑल्ट एफ-११ मध्ये कोड बघा किंवा जाणकाराला दाखवा.

आणि काही व्हिडिओंमध्ये सांगतात तसं ट्रस्ट सेंटरमध्ये 'एनेबल ऑल मॅक्रोज' कधीच करू नका. त्याची गरजही नाही. टेम्पलेट्सचं फोल्डर वर्डच्या विश्वासातलं असतं, त्यामुळे नॉर्मलमधले तुमचे स्वतःचे मॅक्रो कुलूप न काढताच चालतात.

फोनवर चालेल का?

नाही. अँड्रॉइड आणि आयफोनवरच्या वर्डमध्ये मॅक्रो चालत नाहीत. ब्राउझरमधल्या वर्डमध्ये अशी फाइल उघडते, पण मॅक्रो तिथेही चालत नाही. लेख फोनवर गोळा करा, झाडलोट लॅपटॉपवर. लिब्रेऑफिस रायटर वापरत असाल तर तिथेही मॅक्रो आणि बटण वेगवेगळेच असतात. फक्त रेकॉर्डर आधी टूल्स, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्डमध्ये जाऊन सुरू करावा लागतो.

शेवटी एक काम देतो. आज घरी गेलात की एक फोल्डर करा. त्यात नॉर्मलची कॉपी, बटणांची फाइल, कोडची फाइल, आणि एक साधी चिठ्ठी ठेवा: कोणता मॅक्रो काय करतो, कुठे राहतो, त्याचं बटण कोणतं. मंडळ असो, कॉलेजचं मासिक असो की घरचं टायपिंगचं काम, बटणामागचं काम एकाच माणसाला माहीत असेल, तर तो गावाला गेला की सगळं ठप्प होतं. चिठ्ठी असेल तर दुसरा कुणीही पुढे चालवेल.

प्रश्न असतील तर पाठवा, पुढच्या भागात घेऊ. तोवर सेव्ह करत राहा!