मोरानच्या भाल्याला दुसरं काम

केनियातलं आंबोसेली राष्ट्रीय उद्यान जेमतेम ३९२ चौरस किलोमीटरचं. पाऊस पडला, की झेब्रे आणि विल्डबीस्ट चाऱ्यासाठी उद्यानाबाहेर पांगतात, त्यांच्यामागे सिंहही मसाईंच्या चराऊ रानात उतरतात. तिथल्या सिंहाचं जगणं-मरणं म्हणूनच वनरक्षकापेक्षा गुराख्याच्या हाती अधिक आहे. उद्यानाला कुंपण घाला, असं सुचवणारे दक्षिण आफ्रिकेचा दाखला देतात. तिथे कुंपणातल्या राखीव रानांत सिंह वाढले, हे खरंच. पण रक्तातलं नातं जवळ येऊ नये म्हणून सिंह एका रानातून दुसऱ्या रानात माणसांनाच न्यावे लागतात. आंबोसेलीत तर कुंपणाने कळपांची वाटच तुटेल आणि सिंहाचं भक्ष्यच आटेल.

इथे दोन वेगळे उपाय करून पाहिले गेले. आंबोसेलीच्या परिसरातल्या म्बिरिकानीत २००३ पासून सिंहाने मारलेल्या गुरांची भरपाई मिळू लागली. २००७ मध्ये ‘लायन गार्डियन्स’ने तरुण मोरानांनाच, म्हणजे मसाई योद्ध्यांना, पगारावर राखणदार नेमलं, त्यांतल्या काहींनी पूर्वी सिंह मारलेले होते. ते सिंहांचा माग काढतात, गुराख्यांना सावध करतात, हरवलेली गुरं शोधतात, काटेरी बोमा, म्हणजे गुरांचे वाडे, पक्के करून देतात. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भरपाईमुळे सिंहहत्या ८७ ते ९१ टक्के, तर राखणदारांमुळे ९९ टक्के घटल्याचं आढळलं. मला या फरकाचं कारण पैशाच्या वाटेत दिसतं. भरपाई मिळते गुरांच्या मालकाला, बहुधा घरातल्या वडीलधाऱ्याला. भाला उचलतो तो तरुण मोरान. त्याच्या हाती भरपाईतलं काही पडत नाही, आणि सिंह मारला तर समाजात मान मिळतो, नावही मिळतं. राखणदारीने हाच मान दुसरीकडे वळवला: आता मोरान सिंहांना नावं देतो आणि त्यांच्याबद्दल हक्काने बोलतो.

मे २०२३ मध्ये मात्र याच म्बिरिकानीत सिंहांनी ११ शेळ्या आणि एक कुत्रा मारल्यावर एकाच दिवशी सहा सिंह भाल्यांना बळी पडले. मग हे सारं फसलं का? दुष्काळाने गुरं संपवलेल्या कुटुंबाला उरलेल्या शेळ्या म्हणजे सगळी पुंजी. त्यांचं दुःख मोजणीत दिसत नाही, आणि इतक्या टोकाच्या काळासाठी मदत आधीच हाताशी हवी, एवढं यातून नक्की कळतं. दुसरा आक्षेप देणग्यांचा: हे उपाय देणग्यांवर चालतात, तो पैसा आटला तर काय? वनरक्षकाच्या पगाराबद्दल हा प्रश्न कोणी विचारत नाही. राखणदाराचा पगारही तसाच कायमचा खर्च मानायला हवा. मला खरी धास्ती जमिनीची वाटते. सामाईक कुरणांच्या वाटण्या होत आहेत, तुकड्यांवर कुंपणं उभी राहत आहेत. कळपांच्या वाटा मोकळ्या राहाव्यात म्हणून काही जमीनमालकांशी भाडेकरार झाले आहेत; नव्या निधीतला पहिला हिस्सा त्यांनाच मिळाला पाहिजे, कारण एकदा विकली गेलेली कुरणं परत मिळवणं कोणत्याही राखणदाराच्या हातात नाही.