औषध मारणाराचा काटा : आधी रिकाम्या गाडीचे वजन



कारखान्याच्या काट्यावर गाडी दोनदा चढते. एकदा भरलेली, एकदा रिकामी. रिकाम्या गाडीचे वजन धरले नाही तर ऊस किती आला, हे कोणालाच सांगता येणार नाही. हा हिशेब आपल्या पोरासोरांनाही कळतो. पण पाठीवर पंप घेऊन औषध मारणाऱ्या गड्याच्या अंगात किती विष गेले, हे पाहायची वेळ आली की आपण नेमके हेच विसरतो.

आमच्याच शिवारातली गोष्ट. एका गड्याने भर उन्हात दिवसभर फवारणी केली. संध्याकाळी मळमळ, दरदरून घाम, डोकेदुखी. "ऊन लागलं असंल," म्हणून आम्हीच त्याला लिंबू-सरबत दिले. चौथ्या दिवशी तालुक्याला रक्त तपासले. आकडा नेहमीच्या मर्यादेत निघाला. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तोच डॉक्टरांनी विचारले, "फवारणीच्या आधी कधी तपासलं होतं का?" कोणी बोलेना. "मग हा आकडा मुळातच एवढा आहे की खाली घसरलाय, हे मी कशावरून सांगू?"

हा प्रश्न नीट समजून घ्यावा असा आहे.

आपल्या मज्जातंतूंचा निरोप एका रसायनामार्फत स्नायूंना पोचतो. निरोप पोचला की ते रसायन पुसून टाकायचे काम कोलिनेस्टरेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाईम, करते. क्लोरपायरीफॉससारखी सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके या विकरालाच जखडून टाकतात. मग निरोप थांबत नाही. लाळ सुटते, घाम येतो, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, स्नायू फडफडतात आणि विष जास्त असेल तर श्वास बंद पडतो. हे विष तोंडावाटेच जाते असे नाही. फवारणाऱ्याच्या अंगात ते बहुतांशी कातडीतून, भिजलेल्या कपड्यांतून मुरते.

या विकराचे काम रक्तात मोजता येते. त्याची सोपी पद्धत एलमन या शास्त्रज्ञाने १९६१ साली दिली. विकर काम करीत असेल तर नळीतले पाणी पिवळे होते. जितके काम जास्त, तितका पिवळेपणा लवकर चढतो. शरीरात विष शिरल्याची अशी जी खूण रक्तात किंवा लघवीत मोजता येते, तिला बायोमार्कर म्हणतात. रक्तातले शिसे मोजणे हाही त्यातलाच प्रकार.

अडचण एवढीच की निरोगी माणसांतही हा आकडा सारखा नसतो. समजा, प्रयोगशाळेची मर्यादा ६० ते १२० आहे. एका गड्याचा मूळ आकडा ११५ होता, तो फवारणीने ७० वर आला. कागदावर लिहून येईल 'ठीक'. प्रत्यक्षात त्याची जवळजवळ चाळीस टक्के ताकद गेलेली असते. तो पुन्हा पंप उचलतो आणि पुढच्या फवारणीत आडवा होतो.

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९७४ पासून अशी औषधे नियमित हाताळणाऱ्या कामगारांवर वैद्यकीय देखरेखीचा नियम केला. तिथे आधी मूळ आकडा घेतात. तो ८० टक्क्यांवर आला की काम कसे चालले आहे याची चौकशी होते. तांबड्या पेशींतला आकडा ७० टक्के किंवा रक्तद्रवातला ६० टक्के इतका उतरला, तर कामगाराला औषधाच्या कामावरून दूर करतात व आकडा पुन्हा ८० टक्क्यांवर चढेपर्यंत परत लावत नाहीत. तांबड्या पेशींतली तूट भरून यायला तीन-चार महिनेही लागतात.

आपल्याकडे यवतमाळ जिल्ह्यात २०१७ साली कपाशीवर फवारणी करताना शेकडो जणांना विषबाधा झाली, कित्येक शेतकरी व शेतमजूर दगावले. ती माणसे आपल्यासारखीच होती.

म्हणून सभासदांनी एवढे करावे. हंगामातली पहिली फवारणी सुरू होण्याआधी, असल्या औषधाला महिनाभर हात लागलेला नसताना, गड्याचे आणि स्वतःचेही रक्त तपासून घ्यावे. कागद घरात जपून ठेवावा. पुढची तपासणी त्याच प्रयोगशाळेत करावी, कारण पद्धत बदलली की आकडाही बदलतो.

ही तपासणी सर्व विषांना लागू नाही, हेही ध्यानात असू द्या. कार्बामेट गटातील औषधांचा परिणाम लवकर ओसरतो, तर पायरेथ्रॉइड गटातील औषधे या चाचणीत दिसतच नाहीत. आणि विषबाधेची लक्षणे दिसली तर रिपोर्टाची वाट पाहत बसू नका. कपडे उतरवून अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक दवाखाना गाठा.

उसाचे वजन किलोत चुकले तर आपण काट्यावर भांडतो. गड्याचा जीव त्याहून हलका नाही. तो गडी आजही आमच्या वस्तीवर आहे. यंदा पंप त्याच्या पाठीवर चढण्याआधी आम्ही त्याला घेऊन तालुक्याला जाणार आहोत.